वीज, गडगडाट आणि उभयान्वयी अव्यये

वर्णनात्मक परीक्षेतील उत्तरे साधारणतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात माहिती असते. दुसऱ्या प्रकारात माहितीबरोबरच त्या माहितीतील परस्परसंबंधही स्पष्ट केलेला असतो. ‘वर्णन करा’ या प्रश्नाला पहिल्या प्रकारचे उत्तर कदाचित पुरेल. परंतु ‘स्पष्ट करा’, ‘कारणमीमांसा करा’ किंवा ‘विश्लेषण करा’ या प्रश्नांना ते पुरत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत अशा प्रश्नांचे महत्त्व पूर्वीपासूनच आहे. महाराष्ट्र राज्यसेवा मुख्य परीक्षेतही २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत स्वीकारली गेल्यामुळे मराठीतून उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी या भेदाकडे अधिक लक्ष देणे आवश्यक झाले आहे. प्रस्तुत लेखात वीज आणि गडगडाट या परिचित नैसर्गिक घटनेच्या आधारे हा भेद समजून घेऊ.

या विषयाचे निमित्त अगदी साधे आहे. बंगळुरूमधील चामराजपेट या भागात माझे वास्तव्य आहे. म्हैसूर संस्थानाच्या काळात, १८९२ साली, जुन्या पेठेलगत आखून वसवलेली ही वस्ती. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू येथेच आहे. आसपासच्या जुन्या पेठांतून मराठी बोलणारी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांपैकी काही घरांतील मुले केंद्रीय सेवांची परीक्षा मराठी माध्यमातून देण्याची तयारी करतात आणि रविवारी दुपारी माझ्याकडे येतात. मे महिन्यातील अशाच एका दुपारी वळवाचा पाऊस सुरू झाला, विजा कडाडू लागल्या आणि घरातील दिवे गेले. पुस्तके बाजूला ठेवून मी विद्यार्थ्यांना सांगितले, “आता बाहेर जे घडते आहे, तेच लिहा. वीज कशी चमकते व गडगडाट कसा होतो, ते स्पष्ट करा.”

एका हुशार विद्यार्थ्याचे उत्तर पुढीलप्रमाणे होते : ‘उन्हाळ्यात हवा तापते. उंच ढग तयार होतात. ढगात बर्फाचे कण असतात. विद्युतभार निर्माण होतो. वीज चमकते. मोठा आवाज होतो. पाऊस पडतो.’

या सात वाक्यांपैकी एकही वाक्य चुकीचे नाही. तथापि ही सात वाक्ये वाचून वीज का चमकते, हे कोणालाही कळणार नाही. हवा तापण्याचा ढगाशी, बर्फाचा विद्युतभाराशी आणि विजेचा आवाजाशी संबंध काय, हे सांगणारे शब्दच उत्तरात नाहीत. ते शब्द म्हणजेच उभयान्वयी अव्यये होत.

पाठ केलेली यादी, न वापरलेली साधने

दोन शब्दांना किंवा दोन वाक्यांना जोडणाऱ्या अविकारी शब्दास उभयान्वयी अव्यय म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. तेव्हापासून चालत आलेल्या अभ्यासपरंपरेत या अव्ययांचे दोन गट व आठ उपप्रकार परीक्षार्थींना परिचित आहेत.

पहिला गट प्रधानत्वसूचक अव्ययांचा. त्यात पुढील चार प्रकार येतात :
१. समुच्चयबोधक – आणि, व, शिवाय. ही अव्यये बेरीज दाखवतात.
२. विकल्पबोधक – किंवा, अथवा, वा. ही पर्याय दाखवतात.
३. न्यूनत्वबोधक – पण, परंतु, किंतु. ही आधीच्या विधानातील उणीव किंवा मर्यादा दाखवतात.
४. परिणामबोधक – म्हणून, सबब, तेव्हा. ही परिणाम दाखवतात.

दुसरा गट गौणत्वसूचक अव्ययांचा. त्यातील चार प्रकार असे :
५. स्वरूपबोधक – म्हणजे, की. ही आधीच्या विधानाचा खुलासा करतात.
६. उद्देशबोधक – म्हणून, यास्तव. ही हेतू दाखवतात.
७. कारणबोधक – कारण, कारण की. ही कारण दाखवतात.
८. संकेतबोधक – जर-तर, जरी-तरी. ही अट किंवा अपेक्षाभंग दाखवतात.

‘त्यामुळे’, ‘त्यानंतर’, ‘याउलट’ यांसारखे शब्द व्याकरणदृष्ट्या वेगळ्या घडणीचे असले, तरी लेखनात तेही विधाने जोडण्याचेच काम करतात. वस्तुनिष्ठ प्रश्नात ‘परंतु हे कोणत्या प्रकारचे अव्यय आहे?’ असे विचारल्यास बहुतेक विद्यार्थी अचूक उत्तर देतात. मात्र निबंध लिहिताना हीच अव्यये त्यांना आठवत नाहीत. ही आठ नावे केवळ गुणांसाठी पाठ करण्याची यादी नसून कोणत्याही घटनेला विचारावयाचे आठ प्रश्न आहेत, असे मानल्यास अभ्यासाची दिशा बदलते.

वीज कशी निर्माण होते

आता ढगाकडे वळू. उन्हाने जमीन तापते, त्यामुळे जमिनीलगतची हवा गरम व हलकी होऊन वर जाते. या हवेत पुरेसे बाष्प असेल, तर वर गेल्यावर ते थंड होऊन त्याचे जलबिंदू बनतात. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. म्हणून वर जाणारी हवा सभोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि आणखी वर जाते. अशा रीतीने दहा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहू शकतो. या ढगाला हवामानशास्त्रात क्युम्युलोनिम्बस म्हणतात.

येथे ‘तर’ या अव्ययाचे काम पाहावे. केवळ उष्णता असून चालत नाही, बाष्पही असावे लागते. मार्च महिन्यात ऊन कडक असूनही अनेक दिवस ढग येत नाहीत, याचे एक कारण या ‘तर’मध्ये आहे. विद्यार्थ्याच्या ‘हवा तापते. उंच ढग तयार होतात.’ या दोन वाक्यांत ही अट हरवली होती.

ढगाच्या मधल्या भागात तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या बरेच खाली असते. तापमान जरी शून्याखाली असले, तरी तेथील सर्व जलबिंदू गोठत नाहीत. अनेक बिंदू द्रवरूपातच राहतात. ते बर्फाच्या कणांवर आदळून गोठतात, म्हणून काही कण वाढत जाऊन मऊ गारांसारखे जड होतात. ढगात वर चढणाऱ्या हवेबरोबर बर्फाचे हलके स्फटिक वर जातात, तर हे जड कण खाली येत असतात किंवा मध्येच तरंगत राहतात. वर जाणारे स्फटिक आणि जड कण एकमेकांवर आदळतात, तेव्हा त्यांच्यात विद्युतभाराची देवाणघेवाण होते. सर्वसाधारणपणे जड कणांवर ऋणभार व हलक्या स्फटिकांवर धनभार येतो. परिणामी ढगाच्या वरच्या भागात धनभार आणि मधल्या व खालच्या भागात ऋणभार साठतो.

हवा विजेची दुर्वाहक आहे, म्हणून हे दोन भार लगेच एकत्र येत नाहीत. परंतु भारांमधील ताण वाढत जाऊन एका मर्यादेपलीकडे गेला, की हवेचा रोध मोडतो आणि विद्युतभार वाहू लागतो. हा प्रवाह ढगाच्या आत, दोन ढगांमध्ये किंवा ढग व जमीन यांच्यामध्ये वाहतो. बहुसंख्य विजा ढगातच राहतात, जमिनीवर येत नाहीत. येथील ‘किंवा’ निरर्थक नाही. ‘वीज चमकणे’ आणि ‘वीज पडणे’ या भिन्न गोष्टी आहेत, हे तो सांगतो. चामराजपेटमधील मुलांना हा भेद चटकन कळला, कारण कन्नडमध्ये त्यासाठी स्वतंत्र शब्द आहेत : चमक म्हणजे ‘मिंचु’, कोसळणारी वीज म्हणजे ‘सिडिलु’ आणि गडगडाट म्हणजे ‘गुडुगु’.

जमिनीवर पडणारी वीज सामान्यतः ढगातून सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी खाली येते. ढगाच्या तळाशी असलेल्या ऋणभारामुळे खालच्या जमिनीवर धनभार आकर्षिला जातो. झाड, मनोरा, इमारत किंवा उघड्या रानात उभा असलेला माणूस यांच्या टोकाकडून हा धनभार वर झेपावतो. हे दोन मार्ग जुळले, की मार्ग पूर्ण होतो आणि त्यातून सुमारे तीस हजार अँपिअर इतका प्रवाह क्षणार्धात वाहतो. आपल्याला दिसतो तो लखलखाट मुख्यत्वे याच क्षणाचा असतो.

‘नंतर’ आणि ‘म्हणून’

विजेच्या मार्गातील हवा एका सेकंदाच्या अत्यंत लहान अंशात सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते. हे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या जवळजवळ पाचपट आहे. इतक्या अल्प वेळात इतकी तापल्यामुळे ती हवा स्फोटासारखी प्रसरण पावते आणि तिच्या धक्क्याने सभोवतालच्या हवेत जी लहर उठते, तीच आपल्याला गडगडाट म्हणून ऐकू येते. विजेचा मार्ग काही किलोमीटर लांब व वेडावाकडा असतो. त्याच्या निरनिराळ्या भागांतून निघालेला आवाज आपल्यापर्यंत वेगवेगळ्या वेळी पोहोचतो, म्हणून दूरचा आवाज घुमत राहतो. याउलट वीज अगदी जवळ पडली असेल, तर एकच कानठळ्या बसवणारा कडकडाट होतो.

‘ढग एकमेकांवर आदळतात म्हणून गडगडाट होतो’, हे लहानपणी ऐकलेले स्पष्टीकरण अनेक उत्तरपत्रिकांत आढळते. त्यातील ‘म्हणून’ खोटा आहे. ‘गडगडाट झाला म्हणून पाऊस आला’ यातील ‘म्हणून’ही तसाच. येथे ‘नंतर’ म्हणणे योग्य ठरेल, कारण गडगडाट व पाऊस ही एकाच ढगाची दोन कार्ये आहेत. त्यांपैकी एक दुसऱ्याचे कारण नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासात हा भेद पावलोपावली लागतो. एखादी योजना लागू झाल्यानंतर उत्पादन वाढले, एवढ्यावरून योजनेमुळे उत्पादन वाढले असे सिद्ध होत नाही. त्या वर्षी पाऊसही चांगला झालेला असू शकतो.

प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, तर ध्वनी सुमारे ३४० मीटर. म्हणून चमक तत्काळ दिसते आणि आवाज मागाहून येतो. चमक व आवाज यांतील अंतर सेकंदांत मोजून त्यास तीनने भागले, तर वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. हे अंतर तीस सेकंदांपेक्षा कमी असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा ताबडतोब पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे तेथेच थांबावे.

चुकीच्या ‘कारण’ची किंमत

एवढी चर्चा झाल्यावर मी विचारले, “विजा होत असताना बंद मोटारीत बसलेला माणूस बऱ्याच अंशी सुरक्षित का असतो?” उत्तर तत्परतेने आले, “सर, कारण मोटारीचे टायर रबराचे असतात.”

निष्कर्ष बरोबर होता. कारण मात्र चुकीचे होते. काही किलोमीटर हवेचा रोध मोडून आलेल्या विजेला काही सेंटिमीटर रबर अडवू शकत नाही. खरे कारण असे की, मोटारीचे धातूचे कवच प्रवाहाला बाहेरच्या बाहेर जमिनीकडे जाऊ देते. निष्कर्ष बरोबर असताना कारण चुकले तर काय बिघडले, असा प्रश्न येथे पडेल. याचे उत्तर असे की, टायर हे कारण मानणारा माणूस दुचाकीलाही सुरक्षित समजेल, कारण टायर तिलाही असतात. रबरी चप्पल घालून तो शेतातही निर्धास्त उभा राहील. चुकीचे कारण आज बरोबर निष्कर्षापर्यंत नेते आणि उद्या प्राणघातक निष्कर्षापर्यंत.

अशी आणखी काही उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. ‘पाऊस लागू नये म्हणून झाडाखाली थांबलो’ या वाक्यात उद्देश साध्य होतो, परंतु धोका वाढतो. कारण उंच झाडावर वीज पडण्याची शक्यता अधिक असते आणि प्रवाह खोडावरून शेजारच्या माणसाकडे उडी घेऊ शकतो. तो जमिनीतूनही पसरतो, म्हणूनच एका झाडाखालची अनेक गुरे एकाच वेळी मरण पावतात. ‘वीज पडलेल्या व्यक्तीला हात लावू नये, कारण तिच्या अंगात वीज असते’ हा समजही घातक आहे. शरीरात विद्युतभार साठून राहत नाही. म्हणून श्वास व नाडी थांबलेल्या व्यक्तीला विनाविलंब छातीवर दाब व कृत्रिम श्वासोच्छ्वास देता येतो आणि दिलाच पाहिजे.

उद्देशबोधक ‘म्हणून’चेही एक उदाहरण घेऊ. ‘इमारतीवर वीज पडू नये म्हणून तडितनिवारक बसवतात’ हे वाक्य अचूक नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या अठराव्या शतकातील विचारातून आलेले हे साधन वीज रोखत नाही. पडलेल्या विजेचा प्रवाह इमारतीतून न जाता जाड तारेवाटे थेट जमिनीत जावा, म्हणून ते बसवतात.

वीज आणि विकास

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात वीज पडून २,८८७ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्या वर्षी नैसर्गिक कारणांनी झालेल्या ८,०६० अपघाती मृत्यूंपैकी हे प्रमाण ३५.८ टक्के होते. पूर किंवा चक्रीवादळ यांच्यासारखे हे मृत्यू एकाच ठिकाणी घडत नाहीत. एखाद्या शिवारात एक, दुसऱ्यात दोन असे ते विखुरलेले असतात, त्यामुळे त्यांची चर्चा कमी होते.

‘विजा पडतात म्हणून माणसे मरतात’ हे स्पष्टीकरण प्रशासनाच्या अभ्यासकाला पुरेसे नाही. मराठवाडा व विदर्भात जूनमध्ये पेरणी आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी चालते. नेमके याच काळात, मोसमी पावसाच्या आगमनाच्या व परतीच्या वेळी, दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात. म्हणजे ज्या दिवसांत शेतात सर्वाधिक हात लागतात, त्याच दिवसांत उघड्यावर असणे सर्वाधिक धोक्याचे असते. वीज श्रीमंत-गरीब पाहत नाही. परंतु त्या वेळी कोण छपराखाली असेल व कोण रानात, हे उपजीविका ठरवते.

पूर्वसूचनेच्या क्षेत्रात उल्लेखनीय काम झाले आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर विजेची नोंद घेणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले आणि वापरकर्त्याच्या परिसरातील विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप विकसित केले. कर्नाटकात राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ‘सिडिलु’ हे ॲप तयार केले. परंतु ‘इशारा दिला, म्हणून जीव वाचला’ या वाक्यातील ‘म्हणून’मध्ये अनेक ‘जर’ दडलेले आहेत. इशारा निघाला, तरी तो मजुराच्या फोनवर पोहोचेलच असे नाही. पोहोचला, तरी तो त्याच्या भाषेत असला पाहिजे. समजला, तरी धावत जाता येईल इतक्या अंतरावर पक्के छप्पर असले पाहिजे. छप्पर असले, तरी काम सोडल्यास दिवसाची मजुरी बुडणार नाही, याची खात्री त्याला हवी. यांपैकी एक दुवा तुटला, की सगळी साखळी तुटते. म्हणून धोरणाचे मूल्यमापन किती इशारे दिले यावरून नव्हे, तर किती दुवे जुळले यावरून करावयास हवे.

अर्थसाहाय्याच्या व्यवस्थेतही असाच एक ‘परंतु’ होता. २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या केंद्रीय निकषांनुसार राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी अधिसूचित असलेल्या बारा आपत्तींत विजेचा समावेश नव्हता. परंतु राज्यांना या निधीतील दहा टक्क्यांपर्यंत रक्कम राज्यविशिष्ट आपत्तींसाठी वापरण्याची मुभा होती. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी वीज कोसळणे ही राज्यविशिष्ट आपत्ती मानली, म्हणून मृतांच्या वारसांना चार लाख रुपयांचे साहाय्य देणे शक्य झाले. हे साहाय्य आवश्यक आहे. तथापि ते मृत्यूनंतर मिळते, मृत्यू टाळत नाही.

नमुना उत्तर

आता मूळ उत्तर पुन्हा लिहिल्यास ते असे होईल :

‘उन्हाने तापलेली हवा बाष्पयुक्त असेल, तर ती वर जाऊन तिच्यापासून उंच ढग तयार होतो. ढगाच्या मधल्या थरात तापमान शून्याखाली असल्यामुळे तेथे बर्फाचे हलके स्फटिक व जड कण आढळतात. हे एकमेकांवर आदळल्याने विद्युतभार विभागला जातो. परिणामी ढगाच्या वरच्या भागात धनभार व खालच्या भागात ऋणभार साठतो. हवा दुर्वाहक आहे, म्हणून हे भार काही काळ विभक्त राहतात. परंतु ताण मर्यादेपलीकडे गेला, की हवेचा रोध मोडून वीज चमकते. तिच्या मार्गातील हवा एकाएकी तापून प्रसरण पावते, त्यामुळे गडगडाट होतो. दोन्ही घटना जरी जवळजवळ एकाच वेळी घडत असल्या, तरी गडगडाट मागाहून ऐकू येतो, कारण ध्वनीचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा फार कमी आहे.’

माहिती फारशी वाढलेली नाही. वाढले आहेत ते दुवे. मात्र अव्ययांची गर्दी म्हणजे स्पष्टीकरण नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. प्रत्येक ‘म्हणून’ लिहिण्यापूर्वी ‘हे खरोखर त्याचे कारण आहे काय?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘होय’ नसेल, तर तेथे ‘आणि’ किंवा ‘नंतर’ लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

सरावासाठी

१. ‘वीज मोबाईलमुळे पडते’ या समजातील ‘मुळे’ तपासा व दोन वाक्यांत खंडन करा.
२. अवर्षण आणि शेतकरी कर्जबाजारीपणा यांचा संबंध किमान एक ‘जर-तर’ व एक ‘जरी-तरी’ वापरून १५० शब्दांत स्पष्ट करा.
३. आपल्या तालुक्यात विजेचा इशारा शेतातील मजुरापर्यंत पोहोचण्याच्या मार्गातील दुवे क्रमाने लिहा. कोणता दुवा सर्वांत कच्चा आहे, ते कारणासह सांगा.

त्या दुपारी पाऊस थांबला आणि मुले घरी जाण्यास उठली. टायरचे उत्तर देणारा विद्यार्थी आपल्या दुचाकीची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता. दूरवर पुन्हा एकदा चमक दिसली. त्याने मनात आकडे मोजले, आवाज आला तेव्हा तो बावीसपर्यंत पोहोचला होता. त्याने किल्ली खिशात ठेवली व तो परत येऊन बसला. त्या दिवशीचा सर्वांत अचूक ‘म्हणून’ त्याने न लिहिता दाखवला.